बांध न जुमानणारा पतंग
(कापूस उत्पादक तालुक्यातील सरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि शिक्षक यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कृषितज्ज्ञ नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि माहिती खात्यात काम करतो. कापसावरील गुलाबी बोंडअळीविषयी कित्येक निवेदने माझ्या टेबलावरून वृत्तपत्रांकडे गेली. ‘शेतकऱ्यांनी दक्ष राहावे’ हे वाक्य मी किती वेळा लिहिले असेल, याची गणती नाही. परंतु ज्याच्याविषयी दक्ष राहायचे तो प्राणी मी स्वतः कधी पाहिला नव्हता. अळी पाहिली होती. फुटलेल्या बोंडातली ती गुलाबी अळी आपण सर्वांनीच पाहिली आहे. मात्र अळी ही त्या जिवाची एक अवस्था झाली. तिला जन्म देणारा, या वावरातून त्या वावरात जाणारा आणि गावभर पसरणारा जीव म्हणजे तिचा पतंग, आणि तो मला अपरिचित होता.

एका सप्टेंबरमध्ये एका शेतावर कृषी सहायकांनी कामगंध सापळ्याची पिशवी सोडून आमच्यासमोर धरली. आत करड्या रंगाचे, धुळीच्या कणांसारखे काहीतरी पडले होते. मला तो पाचोळ्याचा चुरा वाटला. शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध शेतकरी बाईंनी डोळे बारीक करून पाहिले आणि त्या म्हणाल्या, “एवढुसं पाखरू, अन् सारं वावर खाल्लं?” चाळीस वर्षे कपाशी पिकवलेल्या त्या बाईंनीही हा पतंग त्या दिवशी प्रथमच पाहिला होता. आज मी आपल्यापुढे उभा आहे तो त्या एका प्रश्नामुळे.

पतंगाचे रूप

शास्त्रज्ञ या पतंगास ‘पेक्टिनोफोरा गॉसिपिएला’ असे म्हणतात. नावातील ‘गॉसिपि’ हा भाग कपाशीच्या शास्त्रीय नावावरून आला आहे. पंख पसरले असता या टोकापासून त्या टोकापर्यंतचे अंतर दीड ते दोन सेंटिमीटर भरते. म्हणजे संपूर्ण पतंग आपल्या करंगळीच्या नखाहून थोडासाच मोठा. पुढचे पंख राखी-तपकिरी असून त्यांवर काळपट ठिपके व अस्पष्ट पट्टे असतात. मागचे पंख चंदेरी-करडे असून त्यांच्या कडेला केसांची झालर असते. बसताना तो पंख अंगालगत मिटून घेतो, त्यामुळे मातीच्या ढेकळावर किंवा वाळक्या पानावर तो दिसतच नाही. दिवसा तो जमिनीच्या भेगांत आणि पाचोळ्यात दडून असतो व रात्री बाहेर पडतो.

कपाशीवरील इतर बोंडअळ्यांच्या पतंगांशी त्याची तुलना करून पाहावी. हिरव्या बोंडअळीचा पतंग पिवळसर-तपकिरी आणि याच्या जवळजवळ दुप्पट मोठा असतो. ठिपक्यांच्या बोंडअळीच्या पतंगाच्या पंखांवर हिरवा रंग उठून दिसतो. हे दोन्ही शेतात चटकन ओळखू येतात. गुलाबी बोंडअळीचा पतंग मात्र रंगाने, आकाराने आणि सवयीने लपणारा आहे. म्हणूनच पिढ्यान् पिढ्या कपाशी करणाऱ्या घरांतही त्याला स्वतःचे असे नाव नाही. आपण त्याला त्याच्या अळीच्या नावाने ओळखतो.

महिनाभराचा संसार

मादी पतंग पात्या, फुले आणि कोवळी बोंडे यांवर एकेक किंवा लहान पुंजक्यांनी अंडी घालते. तिच्या अल्प आयुष्यात ती सुमारे दीडशे ते दोनशे अंडी देते. अंडे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. तीन ते पाच दिवसांत अळी बाहेर येते आणि थोड्याच वेळात पाती, फूल किंवा बोंड पोखरून आत शिरते. बोंडावरचे छिद्र लवकरच भरून येते. बाहेरून बोंड निरोगी, टवटवीत दिसते. आत मात्र सरकी खाल्ली जात असते. फवारणीचे औषध या अळीपर्यंत का पोहोचत नाही, याचे उत्तर त्या बुजलेल्या छिद्रात आहे.

फुलात शिरलेली अळी पाकळ्या आतून धाग्यांनी बांधून टाकते. असे फूल उमलत नाही. त्याला आपण डोमकळी म्हणतो. पहिल्यांदा पांढरी असलेली ही अळी वाढत जाते तशी गुलाबी होते. साधारण दोन आठवड्यांत तिची वाढ पूर्ण झाली की ती जमिनीवर उतरून पाचोळ्यात किंवा मातीत कोषावस्थेत जाते आणि आठ-दहा दिवसांनी कोषातून पतंग बाहेर पडतो. सर्व मिळून हा संसार साधारण महिनाभराचा आहे.

आता एक साधा हिशेब करू. एका मादीने दोनशे अंडी दिली आणि त्यांपैकी एकशे ऐंशी नष्ट होऊन वीसच पतंग झाले, असे समजू. त्यांत दहा माद्या धरल्या तर पुढच्या महिन्यात शंभर आणि त्यानंतरच्या महिन्यात हजार माद्या होतात. सप्टेंबरमध्ये दुर्लक्षित राहिलेली एक मादी डिसेंबरपर्यंत कोठे पोहोचते, हे यावरून ध्यानी यावे.

खंडोखंडीचा प्रवास

हा पतंग आपल्या देशाला नवा नाही. १८४२ मध्ये भडोच परिसरातील कपाशीवर या किडीने नुकसान केल्याची नोंद झाली आणि १८४३ मध्ये सॉन्डर्स या कीटकशास्त्रज्ञाने तिचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्या वर्णनासाठीचे नमुने भारतातून गेलेले होते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी भारतातून गेलेल्या सरकीबरोबर ती इजिप्तमध्ये पोहोचली. १९११ च्या सुमारास इजिप्तच्या बियाण्याबरोबर ती मेक्सिकोत उतरली आणि १९१७ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात आढळली. आज कापूस पिकवणाऱ्या बहुतेक सर्व देशांत तिचा वावर आहे.

एवढ्याशा पतंगाने महासागर कसे ओलांडले? पंखांच्या बळावर खासच नव्हे. पूर्ण वाढलेली अळी थंडीच्या व अन्नटंचाईच्या काळात सुप्तावस्थेत जाते. दोन सरक्या एकत्र शिवून त्यांच्या पोकळीत ती अंग आखडून महिनेच्या महिने निपचित पडून राहते. सरकीच्या पोत्याबरोबर तीही बोटीत चढली आणि माणसाने स्वतःच्या हातांनी तिला खंडोखंडी पोहोचवले. आपल्या देशातही हेच घडले. मध्य व दक्षिण भारतात ही कीड पूर्वीपासून जाणवत होती. २०२१ मध्ये पंजाबमधील भटिंडा व मानसा या जिल्ह्यांत तिने कपाशीचे मोठे नुकसान केले. तिच्या अशा प्रसाराला जिनिंग आणि तेलगिरण्यांसाठी होणारी कच्च्या कापसाची व सरकीची वाहतूक कारणीभूत ठरते, असे तज्ज्ञ सांगतात.

तात्पर्य, या पतंगाच्या विस्ताराचा नकाशा हा माणसाच्या व्यवहाराचाच नकाशा आहे. त्याला आवर घालणेही म्हणूनच माणसाच्या हाती आहे.

ढाल कशी बोथट झाली

२००२ मध्ये आपल्या देशात बीटी कपाशीच्या लागवडीस परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये दोन जनुकांचे बीटी वाण आले. या वाणांच्या पानाफुलांत बोंडअळीला मारक असे प्रथिन असते. आरंभीची काही वर्षे तिन्ही बोंडअळ्या दिसेनाशा झाल्या, फवारण्या घटल्या आणि शेतकऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला. हे श्रेय नाकारता येणार नाही. हिरव्या व ठिपक्यांच्या बोंडअळीविरुद्ध ही ढाल पुष्कळ अंशी आजही उपयोगी पडते. गुलाबी बोंडअळीने मात्र ती भेदली. २००८ मध्ये गुजरातमधील अमरेली भागात पहिल्या वाणाला दाद न देणारी गुलाबी अळी आढळली आणि २०१४-१५ च्या सुमारास दोन जनुकांच्या वाणांवरही ती जगू लागल्याचे दिसून आले.

असे का झाले? गुलाबी अळीचे अन्न जवळजवळ केवळ कपाशी आहे. हिरवी अळी तुरीवर जाते, हरभऱ्यावर जाते. तेथे तिला बीटी प्रथिनाचा सामना करावा लागत नाही. गुलाबी अळीच्या पिढ्यान् पिढ्या मात्र बीटी कपाशीवरच वाढल्या. त्यांतील जी एखादी विष पचवू शकली तीच वाचली आणि तिचाच वंश वाढला. हे टाळण्यासाठी बीटी कपाशीभोवती साध्या कपाशीच्या आश्रय ओळी लावावयाच्या होत्या. बियाण्याच्या पाकिटासोबत त्यासाठी वेगळी पुडीही मिळत असे. ती पुडी किती घरांत तशीच पडून राहिली, हे आपण जाणताच. तिचे प्रयोजन शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत सांगण्यात आम्ही माहिती खात्यातील माणसेही कमी पडलो, हे मी येथे मोकळेपणाने मान्य करतो.

त्यातच आपले संकरित वाण दीर्घ मुदतीचे. जेथे पाण्याची सोय झाली तेथे पीक फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभे राहू लागले. या फरदडीने पतंगाला हिवाळाभर अन्न पुरवले. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापूस उत्पादक जिल्ह्यांना या सर्वाची किंमत मोजावी लागली. बोंडे दिसत होती, वेचायला जावे तर हाती कवडी येत होती. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या फवारण्या केवळ गुलाबी अळीसाठी नव्हत्या, इतर किडींसाठीही होत्या. तथापि अदृश्य शत्रूवर आंधळेपणाने मारा केला म्हणजे तो कोणावर उलटतो, याची ती दुःखद साक्ष आहे. राज्यात सुमारे ४० लाख हेक्टरांवर कापूस होतो. त्यामागे उभ्या असलेल्या कुटुंबांचा विचार केला म्हणजे हा प्रश्न केवळ कीटकशास्त्राचा राहत नाही.

शत्रूचे मर्म

मित्रहो, ज्या गोष्टीत या पतंगाचे बळ आहे, तेथेच त्याचे मर्मही आहे. त्याला कपाशीवाचून गती नाही. भेंडी, अंबाडी अशा कपाशीच्या कुळातील वनस्पतींवर तो क्वचित निभावून नेतो, एवढेच. गावाच्या शिवारात काही महिने कपाशी उभीच नसेल, तर सुप्तावस्थेतून जागा झालेला पतंग अंडी घालणार कोठे? मे-जूनमध्ये कोषातून निघालेल्या पतंगाला शिवारात एकही पाती मिळाली नाही, तर तो निर्वंश मरतो. शास्त्रज्ञ या घटनेला ‘आत्मघाती उगवण’ म्हणतात. याउलट मे महिन्यात कोणी ओलिताची कपाशी लावली, तर तिच्या पहिल्या पात्या या पतंगाचे माहेरघर होतात. पूर्वहंगामी लागवड टाळा, हा आग्रह त्यासाठीच आहे.

ही साखळी तोडता येते याचे उदाहरण जगापुढे आहे. अमेरिकेत शंभर वर्षे ठाण मांडून बसलेली ही कीड २०१८ मध्ये तेथून समूळ नाहीशी झाल्याचे जाहीर करण्यात आले. तेथे बीटी कपाशी, कामगंध, पिकाचे अवशेष वेळेवर नष्ट करणे आणि प्रयोगशाळेत वाढवून निर्बीज केलेले अब्जावधी पतंग विमानातून सोडणे, असे सर्व उपाय एकाच वेळी योजण्यात आले. आपल्याकडे विमाने नाहीत, शेते लहान आहेत, पाऊसमान निराळे आहे. तो कार्यक्रम जसाच्या तसा येथे उचलता येणार नाही. परंतु त्या यशाच्या मुळाशी असलेली गोष्ट आपणांस परकी नाही. तेथील कापूस उत्पादक प्रदेशाने ते काम एकजुटीने केले.

पतंगाला सातबारा वाचता येत नाही. तो रात्रीतून बांध ओलांडतो. एका शेतकऱ्याने डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटली आणि शेजाऱ्याने मार्चपर्यंत फरदड ठेवली, तर पहिल्याचे कष्ट वाया जातात. फरदड ठेवणारा शेतकरी अडाणी असतो, असे मात्र कृपया समजू नये. त्याच्या डोक्यावर कर्ज असते, मुलीचे लग्न असते. झाडावर दिसणारे बोंड तोडून टाका म्हणणे सोपे, तोडणे कठीण. म्हणूनच त्याच्या जागी हरभरा, गहू किंवा भाजीपाला यांपैकी काय घेता येईल, हे बोलल्याशिवाय फरदडीविषयी बोलू नये. आणि हे बोलण्याची जागा ग्रामसभा ही होय.

कोणी काय करावे

ग्रामपंचायतींना माझी विनंती अशी की, पीक संपवण्याची एक तारीख ग्रामसभेत ठरवावी. शेवटच्या वेचणीनंतर शेतात शेळ्यामेंढ्या व जनावरे चरू द्यावीत, म्हणजे उरलीसुरली बोंडे ती खाऊन टाकतील. त्यानंतर पऱ्हाटी उपटून खोल नांगरट करावी. पऱ्हाटीचे ढीग घरामागे रचून वर्षभर चुलीला वापरण्याची आपली रीत आहे. त्या ढिगांवरील वाळक्या बोंडांत अळी सुखाने झोपलेली असते. जळण लागणारच, परंतु ढीग रचण्यापूर्वी बोंडे झोडून वेगळी करावीत आणि ती नष्ट करावीत. शक्य तेथे पऱ्हाटीचा भुगा करून खत करावे. गावालगत जिनिंग कारखाना असेल, तर तेथील कचरा व किडकी सरकी वेळच्या वेळी नष्ट होते की नाही, हे पाहण्याचा आग्रह पंचायतीने धरावा.

शेतकरी बांधवांनी पीक दीड महिन्याचे झाले की एकरी दोन कामगंध सापळे लावावेत. सापळ्यातील गोळीला मादीचा गंध असतो व नर पतंग तिकडे ओढले जातात. एका सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ किंवा अधिक पतंग सापडले, तर ती धोक्याची घंटा समजावी. डोमकळ्या दिसताच तोडून नष्ट कराव्यात. निरनिराळ्या झाडांवरची वीस हिरवी बोंडे फोडून पाहावीत. त्यांपैकी दोन किडलेली निघाली, तर कृषी सहायकांच्या सल्ल्याने उपाय योजावा. फवारणी करावीच लागली तर तोंडावर मुखपट्टी, हातांत मोजे आणि अंगभर कपडे असावेत, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये, आणि मजुराच्याही अंगावर ही साधने आहेत याची खात्री मालकाने करावी.

शिक्षक मित्रांकडे माझे विशेष मागणे आहे. पाठ्यपुस्तकात फुलपाखराचे जीवनचक्र असते. त्याच्या जोडीला आपल्या शिवारातील या पतंगाचे जीवनचक्र फळ्यावर काढा. एक सापळा गावातील एखाद्या शेतात लावून रोज सकाळी त्यातील पतंग मोजण्याचे काम वरच्या वर्गातील मुलांना मोठ्यांच्या देखरेखीखाली द्या आणि आकडा शाळेच्या फलकावर लिहा. फवारणी झालेल्या शेतात मात्र मुलांना नेऊ नका. शाळेच्या भिंतीवरचा तो आकडा येता-जाता गाव वाचील. आमच्या दहा निवेदनांनी जे होत नाही, ते त्या एका आकड्याने होईल.

आणि अधिकारी बंधूंना एवढेच सांगतो की, ‘दक्ष राहावे’ हे वाक्य आपण आता थोडे कमी लिहू या. कशाविषयी, केव्हा आणि कसे दक्ष राहावे, हे तारखेसह लिहू या. अंमलबजावणीचा आदेश डिसेंबरात निघायला हवा. तो मार्चमध्ये निघाला तर पतंगाचेच काम होते.

समारोप करताना मला पुन्हा त्या वृद्ध बाईंची आठवण होते. त्यांच्या प्रश्नावर त्या दिवशी मी गप्प राहिलो होतो. आज उत्तर देता येते ते असे : आजी, त्या एका पाखराने वावर खाल्ले नाही. आपण त्याला हिवाळाभर जेऊ घातले, उन्हाळाभर घरामागे निजू दिले आणि पावसाळ्यात पुन्हा पानावर बोलावले. पुढच्या वर्षी त्याचे पान मांडायचे की नाही, हे साऱ्या गावाने एकत्र बसून ठरवायचे आहे.